बहात्तर मिनिटांचा अंधार

रत्नागिरी शहर पूर्व रेखांश ७३.३ अंशांवर आहे आणि इन्सॅट-३डीआर या हवामान-उपग्रहाला नेमून दिलेली जागा ७४ अंशांवर. रेखांशापुरतं बोलायचं तर हा उपग्रह रत्नागिरीकरांचा शेजारीच. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर तो पृथ्वीच्याच गतीने फिरतो, त्यामुळे मिऱ्याच्या किनाऱ्यावरून पाहिलं तर त्याची जागा कायम एकच : जवळजवळ डोक्यावर, जरासा दक्षिणेला कललेला. दिसत मात्र नाही. अरबी समुद्रात वादळ उठलं की टीव्हीवर ढगांचं जे चित्र फिरत राहतं, ते अशाच उपग्रहांकडून थोड्या थोड्या वेळाने येत असतं. ८ सप्टेंबर २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला हा उपग्रह आपल्या सौर पॅनेलवर साधारण १,७०० वॅट वीज तयार करतो.

रेखांश जवळपास एकच असल्यामुळे आपली मध्यरात्र तीच त्याचीही मध्यरात्र. पण आपल्याकडे रोज अंधार पडतो, त्याच्याकडे पडत नाही. पृथ्वीचा अक्ष कललेला असल्यामुळे वर्षाचा बराच काळ सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकलेला असतो आणि पृथ्वीची सावली उपग्रहाच्या खालून किंवा वरून निघून जाते. भर मध्यरात्रीही त्याच्या पॅनेलवर लख्ख ऊन असतं. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास मात्र सूर्य विषुववृत्तावर येतो आणि सावली थेट उपग्रहाच्या वाटेत पडते. दर खेपेला सुमारे ४५ रात्री हे ग्रहण लागतं. सुरुवातीला काही मिनिटांचं, मग वाढत वाढत विषुवदिनाच्या सुमारास ७२ मिनिटांचं, आणि पुन्हा उतरत उतरत नाहीसं.

कोकणी माणसाला हे दोन मोसम वेगळे सांगायला नकोत. एक शिमग्याचा, दुसरा गणपतीचा. तिथी मागेपुढे होते, पण बहुतेक वर्षी चाकरमान्यांनी गावी येण्याचे दिवस आणि अशा भूस्थिर उपग्रहांच्या ग्रहणाचे दिवस एकमेकांवर येतात. वाडीत पालखी नाचत असते किंवा जाखडी रंगात आलेली असते, तेव्हा घड्याळात साडेबारा-पाऊणच्या सुमारास या उपग्रहाच्या ग्रहणाचा मध्य होतो. पॅनेलवरची वीज शून्य झालेली असते. तापमान सांभाळणारे हीटर, दिशा धरून ठेवणारी चक्रं, संगणक, रेडिओ, सगळं एका बॅटरीवर चालू असतं.

त्या ७२ मिनिटांत वीज लागते तरी किती? दीड किलोवॅटचा भार धरला तर १.८ युनिट. महावितरणच्या बिलात याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही. पण तीच दोनएक युनिटं साठवणारी वस्तू ३६ हजार किलोमीटर वर न्यायची, दहा-पंधरा वर्षं तिला हात लावायचा नाही, आणि एकदाही ती रुसता कामा नये, अशी अट घातली की हिशोब पार बदलतो. अवकाशातल्या बॅटरीची गोष्ट ही त्या अटीची गोष्ट आहे. तिच्यात किती वीज मावते हा प्रश्न दुय्यम. तिच्यातून दर वेळी किती कमी काढून भागतं, यावर उपग्रहाचं आयुष्य ठरतं.

घरी इन्व्हर्टर असलेल्यांना हे अनुभवाने माहीत असतं. भारनियमनात रोज तळाला जाईपर्यंत वापरलेली बॅटरी दोन-तीन पावसाळ्यांत मान टाकते. शेजाऱ्याकडची, कधीतरी अर्धा तास चालणारी, तीच कंपनी असूनही कितीतरी जास्त टिकते. रसायन वेगळं, नियम तोच. प्रत्येक चार्ज-डिस्चार्जमध्ये सेलच्या आतले पत्रे थोडे फुगतात, थोडे आकसतात, त्यांच्यावर नको असलेला थर चढतो. जितकं खोल जाल तितकी झीज जास्त. म्हणून भूस्थिर उपग्रहात, जिथे वर्षाला नव्वदच्या आसपास ग्रहणं, तिथे लिथियम-आयन बॅटरीतली ७०-८० टक्के वीज काढायची मुभा असते. पंधरा वर्षांत सगळी मिळून १,३५० खेपा होतात, तेवढ्या ती सोसते.

खालच्या कक्षेतल्या उपग्रहाला ही चैन परवडत नाही. मिरकरवाडा बंदरातून निघणाऱ्या बोटींना मासळी मिळण्याची शक्यता असलेल्या क्षेत्रांची जी सूचना हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती केंद्राकडून मिळते, तिच्यामागे समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य यांच्या उपग्रही नोंदी असतात. हरितद्रव्य मोजणारा ओशनसॅट-३ हा उपग्रह २६ नोव्हेंबर २०२२ रोजी गेला. तो साडेसातशे किलोमीटरच्या आसपासच्या उंचीवरून फिरतो, सुमारे ९९ मिनिटांत एक प्रदक्षिणा. समुद्राचा रंग नीट दिसावा म्हणून तो दुपारी बाराच्या सुमारास आपल्यावरून जाईल अशी कक्षा निवडलेली आहे. दिवसाची बाजू दुपारची म्हणजे उरलेली बाजू मध्यरात्रीची. त्यामुळे प्रत्येक फेरीत अर्ध्या तासाहून जास्त अंधार. दिवसाला साडेचौदा ग्रहणं, वर्षाला पाच हजारांवर. इथे बॅटरीतून २०-३० टक्क्यांहून जास्त वीज काढायची नाही असा दंडक असतो. शंभराची बॅटरी न्यायची आणि पंचवीस वापरायची. वर पाठवलेल्या प्रत्येक किलोचा हिशोब ठेवणाऱ्यांना हे किती जड जात असेल! पण याच संयमाने हबल दुर्बिणीच्या निकेल-हायड्रोजन बॅटऱ्या १९९० पासून २००९ पर्यंत, म्हणजे १९ वर्षं चालल्या. त्यांच्यातून दर फेरीला जेमतेम दहाएक टक्के वीज घेतली जायची. एक लाखाच्या आसपास खेपा झाल्यावर अंतराळवीरांनी जाऊन त्या बदलल्या.

सुरुवातीला असा संयम वगैरे काही नव्हता. ४ ऑक्टोबर १९५७ चा स्पुतनिक ८३.६ किलोचा होता आणि त्यातले पन्नासएक किलो नुसत्या चांदी-जस्ताच्या बॅटऱ्यांचे. सौर पॅनेल नव्हतंच. तीन आठवड्यांत बॅटऱ्या संपल्या आणि जगभर ऐकू गेलेलं ते बीप-बीप थांबलं. चांदी-जस्ताची बॅटरी वजनाच्या मानाने भरपूर वीज देते, पण पुन्हा पुन्हा चार्ज होणं तिला झेपत नाही. म्हणून पुढे ती प्रक्षेपकांमध्ये राहिली, जिथे काम मिनिटांत उरकतं. उपग्रहांनी निकेल-कॅडमियम धरली : जड, पण चिवट.

भारताचा आर्यभट १९ एप्रिल १९७५ रोजी गेला तेव्हा त्यातही निकेल-कॅडमियमच होती. चार-पाच दिवसांत वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि त्यावरचे वैज्ञानिक प्रयोग बंद करावे लागले. ४ जून १९९७ चा इन्सॅट-२डी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच वीजपुरवठ्यातल्या दोषाने गेला. त्याच्यावर विसंबलेल्या मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार विस्कळीत झाले आणि देशाला अरबसॅट-१सी हा कक्षेत असलेला परका उपग्रह विकत घेऊन वेळ निभवावी लागली. या दोन्ही प्रकरणांत खापर सेलवर फोडून चालणार नाही. पॅनेल, नियंत्रक, तारा, स्विच आणि सेल मिळून जी साखळी होते तिच्यातली कुठलीही कडी तुटली तरी वर परिणाम एकच दिसतो. उपग्रह गप्प होतो, आणि कोणती कडी तुटली हे सांगायला त्याच्याकडे वीज उरलेली नसते.

निकेल-कॅडमियमनंतर निकेल-हायड्रोजन आली. हिच्या पोटात खराखुरा हायड्रोजन वायू असतो, जाड धातूच्या कुपीत दाबाखाली भरलेला. चार्ज होताना वायू वाढतो, डिस्चार्ज होताना कमी होतो. त्यामुळे कुपीवर दाबमापक बसवला की किती वीज शिल्लक आहे ते चक्क दाबावरून वाचता येतं. ही सोय नंतरच्या कुठल्याच बॅटरीत राहिली नाही. इन्सॅट मालिकेतल्या मोठ्या उपग्रहांनी काही काळ हीच वापरली. मग २००० नंतर लिथियम-आयनने सगळ्यांना मागे टाकलं. वर धरलेल्या १.८ युनिटांसाठी निकेल-कॅडमियमची शंभरएक किलोची बॅटरी लागली असती. लिथियम-आयनची पंचवीस-तीस किलोत भागते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात तर जुन्या ४८ निकेल-हायड्रोजन बॅटऱ्यांची जागा नव्या २४ लिथियम-आयन बॅटऱ्यांनी घेतली. काढलेल्या जुन्या बॅटऱ्यांपैकी काहींचा सुमारे २.६ टनांचा गठ्ठा मार्च २०२१ मध्ये स्थानकावरून तसाच सोडून देण्यात आला. सगळं वातावरणात जळून जाईल असा अंदाज होता. ८ मार्च २०२४ रोजी त्या गठ्ठ्यातल्या बॅटऱ्या बसवण्याच्या चौकटीचा सातशे ग्रॅमचा धातूचा तुकडा अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका घराचं छप्पर आणि मजला फोडून आत आला. सुदैवाने कोणाला लागलं नाही.

लिथियम-आयन सेलचा मुख्य शत्रू पाणी. त्याच्या आतल्या द्रावणात लिथियमचा जो क्षार वापरतात, त्याचा ओलाव्याशी संबंध आला की हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होतं, आणि ते सेलला आतून खात सुटतं. हा परिणाम लगेच दिसत नाही. वर्षा-दोन वर्षांनी सेल मवाळ पडल्यावर कळतो. म्हणून सेल भरण्याची खोली इतकी कोरडी ठेवावी लागते, की तिथल्या हवेतून दव पडायला तापमान उणे ४० अंशांपर्यंत उतरवावं लागेल. रत्नागिरीच्या जुलैत, जिथे दोरीवरचं धोतर चार दिवस ओलंच राहतं आणि पापड डब्यात ठेवूनही मऊ पडतात, अशी खोली राखणं म्हणजे यंत्रांचा अखंड पहारा. गंमत म्हणजे इस्रोचे लिथियम-आयन सेल ज्या विक्रम साराभाई अवकाश केंद्रात विकसित झाले ते तिरुवनंतपुरमजवळ, तितक्याच दमट किनाऱ्यावर आहे. थुंबा हेही मुळात मच्छीमारांचंच गाव.

सेल तयार झाला की खरी परीक्षा सुरू होते. सुटा सेल कोणी वापरत नाही. दहा सेल एकापुढे एक जोडले तर पूर्ण चार्ज असताना ४२ व्होल्ट मिळतात, आणि अशा माळा शेजारी शेजारी लावून बॅटरी होते. माळेतल्या सगळ्या सेलमधून विद्युतप्रवाह एकच वाहतो. त्यातला एखादा क्षमतेने जरा कमी असला तर डिस्चार्ज होताना तो सगळ्यांच्या आधी रिकामा होतो आणि चार्ज होताना सगळ्यांच्या आधी भरतो. बाकीचे अजून भरायचे असतात म्हणून प्रवाह चालूच राहतो, आणि हा बिचारा ४.२ व्होल्टच्या वर ढकलला जातो. मग आत धातुरूप लिथियम जमतं, उष्णता वाढते, धन पत्र्यातून प्राणवायू सुटू लागतो. जळायला लागणारी हवा सेलच्या आतूनच मिळते, त्यामुळे अवकाशात निर्वात आहे म्हणून आग लागणार नाही असं समजण्यात अर्थ नाही.

ही वेळ येऊ नये म्हणून आधी निवड होते. एकाच घाण्यातल्या सेलांची क्षमता, अंतर्गत रोध, आठवडेच्या आठवडे नुसतं पडून राहिल्यावर व्होल्टेज किती उतरतं, हे मोजून जुळणारे सेल एका माळेत घेतात. क्ष-किरण चित्रांत पत्र्यांच्या कडा सरळ आहेत ना, कुठे धातूचा कण अडकलाय का, ते पाहतात. प्रत्येक घाण्यातले काही सेल मुद्दाम बळी दिले जातात : उघडून, उलगडून, सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी. काहींना अतिचार्ज करतात, काहींची दोन्ही टोकं थेट जोडतात, काहींमध्ये खिळा ठोकतात. वाचलेल्यांना जोडून झालेली बॅटरी मग कंपनमंचावर जाते, जिथे प्रक्षेपणाच्या हादऱ्यांहून थोडे जास्तच हादरे तिला तिन्ही दिशांनी बसतात. पुढे निर्वात कक्ष. हवा नसल्यामुळे इथे वाऱ्याने थंड होण्याची सोय नाही. सेलमधली उष्णता फक्त धातूच्या तळपट्टीतून आणि प्रारणाने बाहेर पडू शकते. चार्ज होताना सेल शून्य अंशाखाली गेला तर लिथियम पत्र्यात शिरण्याऐवजी वर साचतं, फार तापला तर वय झपाट्याने वाढतं. मधली पट्टी अरुंद आहे, आणि उन्हा-सावलीच्या झपाट्यात ती राखता येते का हे इथे कळतं.

आतापर्यंत सांगितलेल्या सगळ्या चाचण्या काही महिन्यांत उरकतात. आयुष्याची चाचणी मात्र कोणाला चकवता येत नाही, आणि मला या सगळ्या विद्येतला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो. भूस्थिर उपग्रहाची पंधरा वर्षं म्हणजे १,३५० ग्रहणं. प्रयोगशाळेत दिवसाला दोन ग्रहणं दाखवली तर दोन वर्षांच्या आत ती संपतात, कारण मधले कोरडे महिने गाळता येतात. पण सेल नुसता पडून राहूनही म्हातारा होतो. गाळलेल्या महिन्यांतलं ते म्हातारपण चाचणीत येतच नाही. खालच्या कक्षेचं दुखणं याच्या उलट. तिथे गाळायला काही नाहीच. ९९ मिनिटांची फेरी पन्नास मिनिटांत उरकायची म्हटलं तर चार्जिंगचा प्रवाह दुप्पट करावा लागतो, आणि मग आपण मोजतो ती झीज वेगळ्याच कारणाने झालेली असते. पाच वर्षांची खात्री हवी तर पाच वर्षं थांबा. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या क्रेन इथल्या नौदलाच्या केंद्रात उपग्रहांचे सेल १९६०च्या दशकापासून असे रात्रंदिवस चालवले जातात. परिणाम असा की उपग्रहात बसणारा सेल नेहमीच बाजाराच्या मागे असतो. मोबाइलमध्ये दरवर्षी नवं रसायन येतं. उपग्रहवाल्याला त्या नव्यापेक्षा आठ वर्षांपूर्वीचं, ज्याची वही भरलेली आहे, ते जास्त प्रिय.

ही सावधगिरी लक्षात घेतली की २०१८ साली वर्तमानपत्रांत जो उत्साह उसळला होता त्याकडे जरा थंडपणे बघता येतं. त्या वर्षी जूनमध्ये इस्रोने आपलं लिथियम-आयन सेलचं तंत्रज्ञान एक कोटी रुपयांना, कोणा एकालाच नव्हे तर पात्र ठरतील त्या सगळ्या भारतीय उद्योगांना देऊ केलं. निवडल्या गेलेल्या दहा कंपन्यांत पुण्याची थरमॅक्स आणि मुंबईची टाटा केमिकल्स या दोन महाराष्ट्रातल्या. आता विजेच्या दुचाकी स्वस्त होणार, अशा बातम्या आल्या. पण स्कूटरच्या सेलला किंमत हेच सर्वस्व असतं. उपग्रहाच्या सेलचा निर्माता किमतीचा विचार सर्वांत शेवटी करतो. एकाच पाककृतीतून दोन्ही निघतील ही अपेक्षा भाबडी होती, असं मला तेव्हाही वाटलं होतं. सेल बनवण्याची शिस्त हातात येणं, हा त्या देवाणघेवाणीतला मोठा लाभ.

मंगळयानावर एकच बॅटरी होती, ३६ अँपिअर-तासांची. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघालेलं हे यान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाभोवती पोहोचलं. सहा महिने चालेल या हिशोबाने पाठवलेलं ते यान साडेसात वर्षं टिकलं, आणि त्या साडेसात वर्षांचं गणित मुख्यतः सावलीचं होतं. त्याची कक्षा फार लांबट होती. ग्रहापासून दूरच्या टोकाला यान मंद होतं, आणि नेमकी तिथे मंगळाची सावली आडवी आली तर ती ओलांडायला तासच्या तास लागतात. बॅटरी होती साधारण एक तास चाळीस मिनिटांच्या ग्रहणासाठी. २०१७ च्या सुरुवातीला आठ तासांपर्यंतची ग्रहणं येणार हे दिसलं, तेव्हा १७ जानेवारीला इंजिन चालवून सुमारे वीस किलो इंधन खर्ची घातलं आणि कक्षा बदलून सावली चुकवली. म्हणजे बॅटरी जिथे अपुरी होती तिथे इंधनाने तिचं काम केलं. एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा लांब ग्रहणांची रांग आली, त्यातलं एक साडेसात तासांचं. या वेळी चुकवायला इंधन उरलं नव्हतं. संपर्क तुटला तो तुटलाच. यान परत मिळवता येणार नाही, हे इस्रोने ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं.

चांद्रयान-३ चा प्रश्न अंधारापेक्षा थंडीचा होता. २३ ऑगस्ट २०२३ रोजी विक्रम हा लँडर चंद्रावर उतरला तो तिथल्या सकाळी, चंद्राचा एक दिवस, म्हणजे आपले चौदा दिवस, काम करायचं म्हणून. प्रज्ञान रोव्हरला २ सप्टेंबरला आणि विक्रमला ४ सप्टेंबरला झोपवलं, बॅटऱ्या पूर्ण भरून. रात्री तिथलं तापमान उणे २०० अंशांच्या आसपास जातं. इतक्या थंडीत सेलमधलं द्रावण गोठतं, आकसणाऱ्या थरांमध्ये भेगा पडतात, धातूचे सांधे ओढले जातात. २२ सप्टेंबरला तिथे पुन्हा ऊन आलं, तेव्हा संदेश पाठवून पाहिले. उत्तर आलं नाही. त्याची तयारी मुळात नव्हतीच, जाग आली असती तर ती वरकड मिळकत. जानेवारी २०२४ मध्ये उतरलेल्या जपानच्या ‘स्लिम’ यानाने मात्र सगळ्यांना चकित केलं. ते उलटं उतरलं, पॅनेलवर ऊन येईना, तेव्हा बॅटरीत १२ टक्के शिल्लक असतानाच ती तोडून ठेवण्यात आली. पुढे ऊन फिरल्यावर यान जागं झालं, आणि तशी तयारी नसतानाही त्याने एकामागून एक तीन चांद्ररात्री काढल्या.

मोठ्या संस्थांच्या या कथांमध्ये पुण्यातल्या एका किलोभर वजनाच्या उपग्रहाचा उल्लेख राहायला नको. सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला, एकूण वीस उपग्रहांच्या गर्दीत. दहा सेंटिमीटरचा ठोकळा. एवढ्या पृष्ठभागावर कितीही चांगले सौर सेल लावले तरी दोनएक वॅटपलीकडे वीज मिळत नाही. घरातल्या झिरोच्या दिव्याहून कमी. त्यात रेडिओ चालवायचा, संगणक चालवायचा आणि दर फेरीतल्या पाऊण तासाहून कमी अंधारासाठी साठवायचंही. ‘स्वयम्’ने दिशा धरण्यासाठी वीज खर्चलीच नाही, आत कायमचुंबक ठेवून पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राकडून ते काम फुकटात करून घेतलं. बॅटरी लहान ठेवण्याचा याहून चांगला उपाय नाही. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला मुंबईच्या आयआयटीचा दहा किलोचा ‘प्रथम’ही गेला. अशा पाहुण्या उपग्रहांची बॅटरी तपासताना प्रक्षेपकवाल्यांचा पहिला प्रश्न ती किती चालेल हा नसतोच. ती शेजारच्या कोट्यवधींच्या उपग्रहाला पेटवणार नाही ना, हा असतो. म्हणून असे लहान उपग्रह वर जाताना पूर्ण बंद असतात. प्रक्षेपकापासून सुटल्यावर दाबलेला स्विच मोकळा होतो, तेव्हाच बॅटरी जोडली जाते.

१ जानेवारी २०२४ रोजी गेलेल्या पीएसएलव्ही-सी५८ चा चौथा टप्पा काम संपल्यावर फेकून न देता साडेतीनशे किलोमीटरच्या कक्षेत प्रयोगशाळा म्हणून वापरला. त्यावर तिरुवनंतपुरमच्या केंद्राने दोन नव्या गोष्टी तपासल्या. एक इंधन-घट : हायड्रोजन आणि प्राणवायू एकत्र आणून त्याने १८० वॅट वीज दिली, आणि मागे उरलं फक्त पाणी. माणसं घेऊन जाणाऱ्या यानाला वीज आणि पिण्याचं पाणी दोन्ही लागतं, म्हणून याच्याकडे लक्ष आहे. दुसरी, १० अँपिअर-तासांचे नवे लिथियम-आयन सेल, ज्यांच्या ऋण पत्र्यात ग्रॅफाइटबरोबर सिलिकॉन मिसळलेलं आहे. सिलिकॉन लिथियम भरपूर शोषतं. त्यामुळे किलोमागे १५७ वॅट-तासांऐवजी १९० वॅट-तास मिळतात. पण शोषताना सिलिकॉन तिप्पट-चौपट फुगतं, आणि दर खेपेला फुगून आकसून पिठासारखं सुटं होऊ लागतं. ग्रॅफाइटचं मिश्रण त्याला आवरण्यासाठी. कक्षेतून आलेले व्होल्टेज, प्रवाह आणि तापमानाचे आकडे अंदाजाशी जुळले. ही झाली तब्येतीची तपासणी. वयाची चाचणी जमिनीवरच्या टेबलांवर व्हायची, आणि तिला लागतील तितकी वर्षं लागतील.

बॅटरीचं शेवटचं काम आहे बंद पडणं, आणि तेही शिकून घ्यावं लागलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये अमेरिकेचा डीएमएसपी-एफ१३ हा वीस वर्षांचा हवामान-उपग्रह कक्षेत फुटला; चार्जिंगच्या तारांमधल्या दोषाने बॅटरी अतिचार्ज झाली होती. त्याचे तुकडे अजून फिरताहेत. निवृत्त उपग्रहाच्या पॅनेलवर ऊन पडतच राहतं आणि म्हाताऱ्या बॅटरीत वीज भरली जातच राहते, हा धोका आहे. म्हणून आता निरोप देताना बॅटरी रिकामी करून पॅनेलपासून कायमची तोडायची पद्धत आहे. १० जानेवारी २००७ रोजी गेलेला आपला कार्टोसॅट-२ असाच उतरवला गेला. उरलेल्या इंधनावर त्याची कक्षा आधीच खाली आणलेली होती. १४ फेब्रुवारी २०२४ रोजी तो हिंदी महासागरावर वातावरणात शिरला. त्याच्याकडून आलेल्या शेवटच्या नोंदींमध्ये बॅटरी वगैरे विजेचं सगळं निकामी केल्याची खात्री पटली होती, आणि त्यानंतरच इस्रोने त्याच्यावरची नजर काढली.